माउंटन बाइक ट्रेलची काठिण्यपातळी : रंगसंकेतांचे वाचन आणि पूर्वअंदाज

बीजशब्द : माउंटन बायकिंग, ट्रेल सेंटर, काठिण्यपातळी, क्रमश्रेणी, चढ-उताराचा आलेख.

प्रस्तावना :

डोंगरातील अरुंद, खडबडीत वाटांवरून जाड टायरची सायकल चालविणे हा क्रीडाप्रकार, म्हणजेच माउंटन बायकिंग, गेल्या चार-पाच दशकांत जगभर रुजला आहे. सुरुवातीला हा खेळ परक्या वाटांवर वाढला. वनविभागाचे रस्ते, गुराख्यांच्या आणि पदभ्रमण करणाऱ्यांच्या पाऊलवाटा हेच त्याचे मैदान होते. १९९० च्या दशकात वेल्समधील कोइड-अ-ब्रेनिन या वनक्षेत्रात खास सायकलींसाठी वाटा बांधण्यात आल्या आणि 'ट्रेल सेंटर' ही कल्पना ब्रिटनमध्ये स्थिरावली. ट्रेल सेंटर म्हणजे एका वाहनतळापासून निघून तेथेच परतणाऱ्या, आखीव, बांधीव आणि काठिण्यानुसार रंगांनी वर्गीकृत केलेल्या वाटांचे जाळे. दक्षिण स्कॉटलंडमधील 'सेव्हन स्टेन्स' या नावाने ओळखली जाणारी केंद्रे त्याच परंपरेतील आहेत. कॅनडातील व्हिसलर आणि न्यूझीलंडमधील रोटोरुआ येथेही, वेगळ्या मार्गाने का होईना, अशीच जाळी विकसित झाली.

या वाटांच्या तोंडाशी रंगीत फलक असतो. हिरवा म्हणजे सोपा, काळा म्हणजे कठीण, इतका अर्थ कोणासही कळतो. अडचण निर्माण होते ती केंद्र बदलल्यावर. एका केंद्रातील लाल वाट सहज उतरणारा सायकलस्वार दुसऱ्या केंद्रातील लाल वाटेवर पहिल्याच वळणाला अडखळतो. फलकाने खोटे सांगितलेले नसते आणि स्वाराचे कौशल्यही रात्रीत आटलेले नसते. तरीही या विसंगतीची किंमत मोजावी लागते, आणि ती बहुधा गळ्याच्या हाडाने किंवा मनगटाने मोजली जाते. काही वेळा ती कमी दृश्य स्वरूपाची असते : मावळतीच्या उजेडात, थंडीत, सायकल हाताने ढकलत उरलेले दहा किलोमीटर चालणारे कुटुंब हेही चुकलेल्या अंदाजाचेच फळ होय. नवीन केंद्रावर पाऊल ठेवण्यापूर्वी, घरी बसून, तेथील वाटांचे काठिण्य कितपत जोखता येते, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

रंगांची वंशावळ :

ट्रेलवरील रंग सायकलींसाठी निर्माण झालेले नाहीत. ते बर्फावरील स्कीच्या उतारांकडून उसने घेतलेले आहेत, आणि तेथेच पहिल्या गोंधळाचे मूळ आहे. स्कीच्या जगात दोन घराणी आहेत. युरोपात हिरवा, निळा, लाल आणि काळा असा क्रम प्रचलित आहे. अमेरिकेत १९६० च्या दशकात रंगासोबत आकृतीही आली : हिरवे वर्तुळ, निळा चौकोन आणि काळा हिरा, पुढे अतिकठीण उतारांसाठी दोन काळे हिरे. या दुसऱ्या घराण्यात लाल रंगाला स्थानच नाही.

ब्रिटनमधील वनसंस्थांनी सायकलवाटांसाठी जी पद्धत स्वीकारली ती पहिल्या घराण्याशी जुळते. हिरवा, निळा, लाल, काळा या चार पायऱ्यांखेरीज उड्या आणि मोठ्या रचना असलेल्या 'बाइक पार्क' भागासाठी तेथे नारिंगी रंग वापरला जातो. अमेरिकेत १९८८ मध्ये स्थापन झालेल्या 'इंटरनॅशनल माउंटन बायसिकलिंग असोसिएशन' (यापुढे 'इम्बा') या संघटनेने मात्र दुसऱ्या घराण्याची चिन्हे घेऊन पांढऱ्या वर्तुळापासून दुहेरी काळ्या हिऱ्यापर्यंत पाच पायऱ्या निश्चित केल्या. परिणामी ब्रिटनमध्ये निळ्या आणि काळ्याच्या मध्ये लाल पायरी आहे, तर कॅनडा-अमेरिकेत ती नाही. तेथील निळ्या चौकोनाला ब्रिटिश निळ्याचा वरचा भाग आणि लालचा बराचसा भाग एकट्यानेच पेलावा लागतो. ब्रिटनमधून व्हिसलरला गेलेला स्वार 'निळा म्हणजे कुटुंबासाठी' असे समजून निघाला, तर त्याची दिशाभूल रंगाने नव्हे, रंगाच्या नावसाधर्म्याने केलेली असते.

न्यूझीलंडमध्ये वाटांना एक ते सहा असे क्रमांक दिले जातात. जर्मन भाषिक आल्प्स प्रदेशात 'सिंगलट्रेल-स्काला' ही एस-० ते एस-५ अशी श्रेणी प्रचलित असून तिची प्रेरणा प्रस्तरारोहणातील काठिण्यश्रेणीची आहे. ही श्रेणी जाणीवपूर्वक मितभाषी आहे. ती केवळ तांत्रिक काठिण्य सांगते आणि तेही वाट कोरडी व दृश्यमानता चांगली आहे असे गृहीत धरून. लांबी, दमछाक, पाऊस यांविषयी ती मौन पाळते. हे मौन दोष वाटण्याचा संभव आहे. परंतु एका चिन्हाने एकच गोष्ट सांगावी हा तिचा आग्रह इतर अनेक पद्धतींपेक्षा प्रामाणिक आहे.

क्रम आणि माप :

संशोधनपद्धतीच्या अभ्यासकांना स्टीव्हन्स यांनी १९४६ मध्ये मांडलेल्या मापनश्रेणी परिचित आहेत : नामश्रेणी, क्रमश्रेणी, अंतरश्रेणी आणि गुणोत्तर श्रेणी. ट्रेलचे रंग यांपैकी क्रमश्रेणीत मोडतात. लाल निळ्यापेक्षा कठीण, एवढेच विधान त्यांतून निघते. निळा ते लाल हे अंतर लाल ते काळा या अंतराइतकेच आहे, असे त्यांतून निघत नाही. शिवाय हा क्रम स्थानिक आहे. इम्बाच्या मार्गदर्शनातच, प्रत्येक वाटेचे मूल्यमापन सुटेपणाने न करता त्या प्रदेशातील इतर वाटांच्या तुलनेत करावे, असे सुचविलेले आहे. म्हणजे सौम्य टेकड्यांच्या प्रदेशातील सर्वांत कठीण वाट काळा हिरा मिळवू शकते आणि तीच वाट खडकाळ पर्वतप्रदेशात निळी ठरू शकते. दोन महाविद्यालयांतील वर्गात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्यांची तुलना केवळ 'पहिला' या शब्दावरून कोणी प्राध्यापक करणार नाही. ट्रेलच्या बाबतीत मात्र ती सर्रास केली जाते.

रंग हा निष्कर्ष आहे. नवीन केंद्राचा अंदाज घेणाऱ्याने तो निष्कर्ष उलगडून त्यामागील आधारसामग्रीकडे परतावयास हवे. रुंदी, उतार, अडथळ्याची उंची, लांबी, एकूण चढ या राशी सेंटिमीटर आणि मीटरमध्ये मोजता येतात. वेल्समधील मीटर आणि कॅनडातील मीटर सारखाच असतो.

चिन्हामागील घटक :

इम्बाच्या पद्धतीत वाटेची रुंदी, पृष्ठभाग, सरासरी उतार, कमाल उतार आणि अडथळे हे निकष आहेत. त्यांतील आकडे बोलके आहेत. हिरव्या वाटेची रुंदी किमान ३६ इंच, म्हणजे सुमारे ९० सेंटिमीटर अपेक्षित आहे. निळ्यासाठी २४ इंच, काळ्यासाठी १२ इंच आणि दुहेरी काळ्यासाठी अवघी ६ इंच. सरासरी उतार हिरव्यासाठी ५ टक्क्यांपर्यंत, निळ्यासाठी १० आणि काळ्यासाठी १५ टक्क्यांपर्यंत. (येथे १० टक्के म्हणजे १०० मीटर आडव्या अंतरात १० मीटर उंची, अंशांत हा कोन सहाहून थोडा कमी भरतो.) टाळता न येणाऱ्या अडथळ्याची उंची हिरव्या वाटेवर २ इंच, निळ्यावर ८ इंच आणि काळ्यावर १५ इंचांपर्यंत असू शकते.

या शेवटच्या निकषाकडे विशेष लक्ष द्यावयास हवे, कारण २, ८ आणि १५ या आकड्यांमागे चाकाची भूमिती आहे. आज प्रचलित असलेल्या २९ इंची चाकाची टायरसह त्रिज्या सुमारे ३७ सेंटिमीटर असते. असे चाक ५ सेंटिमीटर उंचीच्या मुळाला धडकते तेव्हा स्पर्शबिंदूपासून आसापर्यंतची रेषा उभ्या रेषेशी सुमारे ३० अंशांचा कोन करते. धक्का मुख्यत्वे वरच्या दिशेने बसतो आणि चाक सहज चढते. अडथळा २० सेंटिमीटरचा असेल तर हाच कोन ६३ अंशांच्या आसपास जातो. आता धक्का मुख्यत्वे मागच्या दिशेने बसतो. स्वाराने पुढचे चाक उचलून हलके केले नाही तर सायकल थांबते आणि स्वार पुढे जात राहतो. १५ इंच म्हणजे ३८ सेंटिमीटर. ही उंची चाकाच्या त्रिज्येहून अधिक असल्यामुळे चाकाच्या दृष्टीने तो अडथळा राहत नाही, ती भिंत होते. तिच्यावर चाक 'गडगडत' जाऊच शकत नाही. चढताना उडी घ्यावी लागते आणि उतरताना वजन मागे नेऊन चाक खाली सोडावे लागते. हिरव्याकडून निळ्याकडे जाताना काठिण्य वाढते. निळ्याकडून काळ्याकडे जाताना कौशल्याचा प्रकारच बदलतो. रंगांच्या दोन टप्प्यांतील अंतर समान नसते ते यामुळे.

रुंदीविषयीही एक सावधगिरी आवश्यक आहे. निकषातील रुंदी चाकाखालच्या पट्ट्याची असते, दोन झाडांमधील फटीची नसते. सायकलीचे हँडल सुमारे ७५ ते ८० सेंटिमीटर रुंद असते. प्रशस्त वाटणाऱ्या वाटेवरही दोन बुंधे ८५ सेंटिमीटरवर उभे असतील तर त्या ठिकाणी वेगाचा प्रश्न वेगळाच होतो. अरुंद वाटेच्या एका बाजूला खोल कडा असणे या घटकाचे तर कोणत्याच रंगात नीट प्रतिबिंब पडत नाही. ३० सेंटिमीटरचा पट्टा सपाट कुरणातून जातो तेव्हा तो खेळ असतो. तोच दरीच्या काठाने जातो तेव्हा तंत्र तेवढेच लागते, परंतु चुकीला क्षमा नसते. काठिण्य आणि धोका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि वाटेचे वर्णन वाचताना त्या वेगळ्या ठेवूनच वाचाव्यात.

मानवनिर्मित रचनांबाबत एका शब्दाचा भेद जाणणे अत्यावश्यक आहे. 'टेबलटॉप' म्हणजे चढण आणि उतरण यांच्यामधील जागा मातीने भरून सपाट केलेली उडी. ती न उडता चाके जमिनीवर ठेवूनही पार करता येते. 'गॅप' म्हणजे मधली जागा रिकामी असलेली उडी. तेथे वेग कमी पडल्यास स्वार पोकळीत पडतो. व्हिसलर येथील 'ए-लाइन' ही जगप्रसिद्ध वाट काळ्या हिऱ्याची असली तरी तिच्यावरील बहुतेक उड्या टेबलटॉप स्वरूपाच्या आहेत. सावध स्वार ती हळू, चाके टेकवत उतरू शकतो. अर्थात मागून वेगाने येणाऱ्यांचे भान ठेवूनच. उलट, एखाद्या लाल वाटेवर एकच न टाळता येणारा गॅप असेल तर त्या स्वारासाठी ती वाट बंद आहे. वर्णनात 'पर्यायी वाट उपलब्ध' हे शब्द आहेत की नाहीत, हे रंगापेक्षाही आधी पाहावे. डलबीटी येथील 'हार्डरॉक ट्रेल' हे याचे चांगले उदाहरण आहे. ही वाट मुळात लाल असून तिच्यावरील 'द स्लॅब' नावाचा ग्रॅनाइटचा उघडा, तीव्र उताराचा कातळ काळ्या पातळीचा आहे. परंतु तो ऐच्छिक आहे. कातळाची छायाचित्रे पाहून संपूर्ण वाट टाळणारा आणि वाटेचा लाल रंग पाहून कातळावर सायकल घालणारा, हे दोघेही एकच चूक करतात.

श्रमाचा वेगळा हिशेब :

ब्रिटिश पद्धतीत रंगाच्या वर्णनात कौशल्य, सायकलीचा दर्जा आणि शारीरिक क्षमता हे तिन्ही एकत्र येतात. लाल वाटेसाठी चांगले तंत्र हवे आणि अधिक दमही हवा, असे तेथील वर्णन सांगते. इम्बाची पद्धत याच्या नेमकी विरुद्ध भूमिका घेते. रुंद आणि गुळगुळीत, पण वीस मैल लांब वाट तांत्रिकदृष्ट्या सोपी आणि श्रमाच्या दृष्टीने कठीण असते. या दोहोंना एकाच चिन्हात कोंबता येत नाही, म्हणून लांबी व चढ फलकावर स्वतंत्रपणे द्यावेत, असे तिचे म्हणणे आहे. हे म्हणणे मान्य करावे असेच आहे. कोइड-अ-ब्रेनिनमध्येच 'एमबीआर' ही सुमारे १८ किलोमीटरची आणि 'बीस्ट ऑफ ब्रेनिन' ही सुमारे ३८ किलोमीटरची, अशा दोन वाटांना एकच काळा रंग आहे. रंग समान, वन समान, आणि दिवस मात्र दुप्पट.

श्रमाचा अंदाज काढणे त्या मानाने सोपे आहे, कारण तेथे अंकगणित पुरेसे पडते. समजा, २० किलोमीटरच्या वर्तुळाकार वाटेवर एकूण चढ ६०० मीटर आहे. वाट जेथून निघते तेथेच परतते, म्हणून ढोबळमानाने अर्धे अंतर चढाचे मानल्यास १० किलोमीटरमध्ये ६०० मीटर, म्हणजे सरासरी ६ टक्क्यांचा चढ येतो. सायकलीसह ८५ किलोग्रॅम वजन ६०० मीटर उचलण्यास सुमारे ५०० किलोज्यूल कार्य लागते. स्नायूंची कार्यक्षमता २०-२५ टक्के धरली तर केवळ उंची मिळविण्यासाठी शरीराला सुमारे ४८० ते ६०० किलोकॅलरी ऊर्जा खर्च करावी लागेल. खडबडीत पृष्ठभागावरील घर्षणाचा खर्च त्यावर वेगळा. ज्याने हा हिशेब आपल्या नेहमीच्या रपेटीसाठी एकदा करून ठेवला आहे, त्याला नवीन वाटेचे आकडे लगेच अर्थपूर्ण वाटतात. बॅटरीवर चालणाऱ्या सायकलींनी चढाचा प्रश्न पुष्कळसा सोडविला आहे. उतरणीवर मात्र त्याच सायकलीचे अधिक वजन रोखावे लागते, हे भाड्याने अशी सायकल घेणाऱ्यांच्या बहुधा ध्यानात येत नाही.

ज्या केंद्रांत बस किंवा पाळण्याने सायकली वर नेण्याची सोय असते, तेथे हिशेब उलटा होतो. दक्षिण वेल्समधील मर्थर टिडफिल येथे २०१३ मध्ये सुरू झालेल्या 'बाइकपार्क वेल्स'मध्ये दिवसभरात अनेकदा वर नेले जाते. पाय ताजे राहतात. थकतात ते हात. सतत ब्रेक दाबून बोटांची पकड ढिली झालेला स्वार सकाळी ज्या वाटेवरून निर्धास्त उतरला, तिच्यावरच दुपारी कोसळू शकतो. अशा केंद्रांतील रंग चढ वगळून केवळ उतरणीसाठी दिलेले असतात, म्हणून साध्या ट्रेल सेंटरमधून आलेल्याने तेथे एक रंग खाली उतरून प्रारंभ करणे श्रेयस्कर.

आलेख काय लपवतो :

बहुतेक वाटांचा चढ-उताराचा आलेख आज 'ट्रेलफोर्क्स'सारख्या नकाशासेवांवर पाहावयास मिळतो. तो पाहावाच, परंतु सरासरीवर विसंबू नये. स्कॉटलंडमधील फोर्ट विल्यम येथील विश्वचषक उतरणीची स्पर्धावाट सुमारे २.८ किलोमीटर लांब असून तिची उतरण सुमारे ५५५ मीटर आहे. भागाकार केल्यास सरासरी २० टक्क्यांच्या जरा अलीकडेच येते. जगातील निवडक स्पर्धकांना घाम फोडणारी वाट आणि सरासरी अवघी वीस टक्के! सपाट पट्टे तीव्र टप्प्यांना पोटात घेतात, हे सरासरीचे जुनेच दुखणे आहे.

दुसरी मर्यादा सामग्रीची आहे. अनेक आलेखांमागील उंचीची आधारसामग्री उपग्रहीय प्रतिमानांतून येते आणि त्यांतील जागतिक स्तरावर उपलब्ध प्रतिमानांची एक चौकट जमिनीवर साधारण ३० मीटरची असते. १० मीटर लांबीचा, छाती दडपून टाकणारा उतार तिच्यात विरघळून जातो. समोच्च रेषांचा नकाशाही येथे अपुरा पडतो : १:२५,००० प्रमाणाच्या ब्रिटिश नकाशावर डोंगराळ भागात दोन रेषांमधील उंची १० मीटर असते, तेव्हा ३ मीटरचा कातळ-टप्पा दोन रेषांच्या मध्ये कोठेही लपू शकतो. भूगोलाच्या अध्यापकांना यात नवीन काही नाही. सायकलस्वार मात्र आलेखाची गुळगुळीत रेषा पाहून वाटही तशीच असेल असे मानतो. आलेखावरून चढाचे श्रम विश्वासाने काढावेत. उतरणीचे तंत्र त्यावरून काढू नये.

चित्रफितीचे साक्षीपण :

तंत्रासाठी चित्रफीत अधिक उपयोगी ठरते, परंतु ती साक्षीदार म्हणून फारशी विश्वासार्ह नाही. हेल्मेटवर किंवा छातीवर बसविलेल्या कॅमेऱ्याचे भिंग अतिशय रुंद कोनाचे असते. ते जवळचे दूर ढकलते आणि उताराला सपाट करते. शिवाय चित्रण करणारा स्वार सहसा त्या वाटेवर वाढलेला असतो. त्याची सहजता वाटेची सहजता भासते.

ही साक्ष तपासण्याचे काही मार्ग आहेत. झाडे सहसा उभी वाढतात. बुंधा आणि वाट यांतील कोन पाहिल्यास उताराचा खरा अंदाज येतो. मात्र कॅमेरा स्वतःच झुकलेला असतो हे लक्षात घेऊन चौकटीच्या कडेशी नव्हे, तर बुंध्याशीच वाटेची तुलना करावी. आवाज ऐकावा : ब्रेकचा सततचा चरचराट म्हणजे तीव्र उतार. वाटेत थांबलेले लोक दिसले तर ते कोठे थांबले आहेत हे पाहावे, कारण लोक सहसा अवघड टप्प्याच्या तोंडाशी किंवा पायथ्याशी थांबतात. आणि शक्य असल्यास नवशिक्याने केलेले, अडखळणारे, मध्येच उतरून चालणारे चित्रण शोधावे. कलात्मक दृष्ट्या ते टाकाऊ असते. माहितीच्या दृष्टीने त्याला तोड नाही.

'स्ट्राव्हा'सारख्या नोंदसेवांवरील वेळांचाही असाच उपयोग होतो. सर्वांत वेगवान वेळ निरुपयोगी आहे. ज्या स्वाराने ओळखीच्या आणि नवीन, अशा दोन्ही वाटा केल्या आहेत, त्याच्या दोन वेळांची तुलना मात्र बरेच काही सांगून जाते. ओळखीच्या वाटेवर आपल्याइतकाच वेळ घेणारा स्वार नवीन वाटेवर तितक्याच उतरणीला दुप्पट वेळ घेत असेल, तर रंग कोणताही असो, वाट कठीण आहे.

ऋतू आणि तारीख :

वर्गीकरण एका दिवशी होते आणि वाट पुढे वर्षानुवर्षे झिजत राहते. ब्रेक लावण्याच्या जागी लाटांसारखे उंचवटे पडतात, माती वाहून जाऊन मुळे उघडी पडतात, ५ सेंटिमीटरचा अडथळा १२ सेंटिमीटरचा होतो. फलक मात्र तोच राहतो. नोव्हेंबर २०२१ मधील 'आरवेन' वादळाने दक्षिण स्कॉटलंडच्या वनांत झाडे मोठ्या प्रमाणावर उन्मळून पडली आणि वाटा बंद ठेवाव्या लागल्या. अशा घटनेनंतर वाटा वळविल्या जातात, नव्याने बांधल्या जातात. जुनी वर्णने आणि जुन्या चित्रफिती तेव्हा वेगळ्याच वाटेविषयी बोलत असतात. म्हणून प्रत्येक वर्णनाची तारीख पाहणे ही औपचारिकता नव्हे.

पावसाचा परिणाम पृष्ठभागानुसार बदलतो. खडी दाबून बांधलेल्या वाटेवरील पाणी निचरून जाते. ट्रेल सेंटरमधील पुष्कळ वाटा अशा असल्यामुळे त्या बाराही महिने वापरता येतात. खरखरीत ग्रॅनाइट ओला असतानाही बऱ्यापैकी पकड देतो. ओली मुळे, शेवाळलेले लाकडी पूल आणि चिकणमाती मात्र रंगाची एक पायरी सहज वर चढवितात. सह्याद्रीत भटकणाऱ्यांना हे निराळे सांगावयास नको; हरिश्चंद्रगड सोपा की अवघड, या प्रश्नाला पाचनईची वाट की नळीची, आणि मार्च की जुलै, हे विचारल्याशिवाय उत्तर देता येत नाही.

ओळखीच्या वाटेचा मापदंड :

वरील सर्व सामग्री जमविल्यावरही एक प्रश्न उरतो : ती कशाशी ताडून पाहावयाची? उत्तर स्वाराच्या स्वतःच्या अनुभवात आहे, मात्र तो अनुभव रंगांत नव्हे, तर मापांत नोंदविलेला असावा. 'लाल वाट जमते' हे वाक्य दुसऱ्या केंद्रात निरर्थक होते. त्याऐवजी न उतरता पार केलेला सर्वांत उंच टप्पा किती सेंटिमीटरचा, सर्वांत तीव्र उतार किती मीटर लांबीचा, ओल्या मुळांवर काय झाले, किती चढानंतर हात-पाय थकले, अशी चार-पाच उत्तरे हाताशी असल्यास ती कोठेही नेता येतात. घराजवळची एक वाट फूटपट्टी घेऊन एकदा पायी चालून पाहावी. ज्याला आपण 'मोठा ड्रॉप' म्हणत होतो तो ३५ सेंटिमीटरचा भरतो, असा अनुभव अनेकांना येतो, आणि तो उपयुक्त असतो. नवीन वाटेच्या वर्णनात ६० सेंटिमीटरचा, वळसा नसलेला टप्पा असेल, तर निर्णय रंगावर सोपविण्याची गरज उरत नाही.

गटाने जाताना हा मापदंड सर्वांत कमी अनुभव असलेल्या व्यक्तीचा धरावा. व्यवहारात नेमके उलट घडते : केंद्राची निवड गटातील सर्वांत कुशल सदस्य करतो, आणि 'निळीच तर आहे' हे त्याचे आश्वासन त्याच्या मापाने खरे असते.

वाटेच्या तोंडाशी :

घरी बांधलेल्या अंदाजाची शेवटची तपासणी केंद्रावर होते. पहिली फेरी अंदाजापेक्षा एक पायरी खालच्या वाटेवर घ्यावी. त्या फेरीचा हेतू आनंदाइतकाच त्या केंद्राची 'भाषा' कळणे हा असतो. तेथील बांधणाऱ्यांना निळा म्हणजे काय वाटते हे एका फेरीत समजते, आणि वरच्या रंगांचा अर्थ त्यावरून लावता येतो. जाणत्या बांधणाऱ्यांची आणखी एक प्रथा या कामी येते. कठीण वाटेच्या अगदी प्रारंभी, फलकापासून थोड्याच अंतरावर, ते मुद्दाम एक अवघड टप्पा ठेवतात : पुढे जे येणार आहे त्याच तोडीचा, परंतु पडल्यास फारशी इजा होणार नाही अशा जागी. ज्याला तो जमत नाही त्याने तेथूनच वळावे, ही त्यामागील योजना असते. त्या टप्प्याच्या शेजारून अनेक चाकांनी पाडलेली एक चोरवाट बहुतेक ठिकाणी दिसते. तिने आत शिरणाऱ्यास पुढचे तसेच टप्पे बाजू न देता भेटतात, आणि वनरस्त्याला मिळून बाहेर पडण्याची पुढची जागा किती अंतरावर आहे हे त्याने नकाशावर आधी पाहिलेले नसेल, तर तितके अंतर सायकल हातात धरून उतरावे लागते.